दर बास्केटला एक डबा

बास्केटबॉल कळतो असं म्हणणारं कोणी भेटलं की मी एकच प्रश्न विचारते. आवडता खेळाडू कोण, हा नव्हे. असा कोण आहे जो बाकावर जाऊन बसला की तुमच्या पोटात गोळा येतो? आवडत्याला सगळे तीच तीन-चार नावं सांगतात, ज्यांचे बूट कॉलेज रोडच्या दुकानात काचेआड ठेवलेले असतात. पोटातल्या गोळ्याचं विचारलं की बहुतेक जण मोबाइल काढून आकडे शोधायला लागतात. तिथंच माणूस कळतो.

माझ्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत. नावं लिहीत नाही. जे बघतात ते ओळखतील, जे बघत नाहीत त्यांना नावानं काय फरक पडतो. अमेरिकेच्या लीगमध्ये एक गडी आहे, दाढी पांढरी व्हायला लागलेली, बर्फातल्या गावाच्या संघाचा. पॉइंट करायला सांगाल तर नाही जमत त्याला. पण तो कोर्टवर असला की समोरच्यांचा सगळ्यात भारी नेमबाज चिडचिडा होतो, पंचाशी भांडतो आणि शेवटी कुठूनही चेंडू फेकून मोकळा होतो. दुसरा एक युरोपातून आलेला, उंच, हळू, पळताना बघितला तर वाटावं लग्नाला उशीर झालेला मामा चाललाय. पण त्याची स्क्रीन बघा. आपल्या खेळाडूला मोकळी जागा मिळावी म्हणून तिच्या किंवा त्याच्या मागे लागलेल्या माणसाच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं, धक्का अंगावर घ्यायचा आणि हलायचं नाही, ही स्क्रीन. मामा हलत नाही. टाळ्या मात्र ज्यानं बास्केट टाकली त्याला.

संघांबद्दलही माझी मतं ठरलेली आहेत. तीन मोठी नावं गोळा केलेला संघ दिवाळीत जोरात असतो आणि उन्हाळ्यात घरी बसतो. कारण तिघांनाही चेंडू हवा असतो आणि चेंडू एकच असतो. हे मी दर वर्षी सांगते, दर वर्षी लोक हसतात, आणि उन्हाळ्यात मला कोणी फोन करत नाही.

तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्याच वेळेला तिकडे सामना रंगात येतो. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून मी हंडे भरते आणि बघते. आई म्हणते, "लोकांच्या घरात सकाळी वंदना लागते, आमच्या घरात शिट्ट्या."

एक तक्रार माझी कायम आहे. टीव्हीवर खेळाडूंचं आपापसातलं बोलणं ऐकू येत नाही. समालोचक बोलतात, बाजा वाजतो, प्रेक्षक ओरडतात, आणि त्या पांढऱ्या दाढीचं तोंड सारखं हलत असतं, पण काय बोलतो ते कळत नाही. चांगला बचाव अर्धा तोंडानं होतो, हे मला तेव्हाच कळलं जेव्हा मी स्वतः खेळले. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला राखणाऱ्याच्या पाठीला डोळे नसतात. मागून कोणीतरी सांगावं लागतं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगितलं नाही तर लोक दुसरंच काहीतरी धरून चालतात. वडील सातपूरच्या कारखान्यात हेल्पर होते, आई चार घरची पोळी-भाजी करायची. मी अंबडला एका कंपनीत डिस्पॅच बघते. कॉलेजच्या संघात तीन वर्षं खेळले, बरी खेळले. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली खेळते. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. आमच्यात भांडणं इतकी आहेत की उगाच कौतुक मी करणार नाही.

आता अडचण अशी की धाकटी पॉइंट करत नाही. तिच्या हातात नेम नाही. मोकळी सोडली तरी रिंगच्या लोखंडावर मारेल. पण ती ज्या बाजूला उभी असते त्या बाजूनं समोरचा संघ येत नाही. आणि तिचं तोंड बंद होत नाही. "डावीकडून येतेय! स्क्रीन आहे, वरून जा! जा पुढं, मागे मी आहे!" वरून जा म्हणजे स्क्रीनच्या पुढच्या बाजूनं, चेंडूवालीला चिकटून जा. सामना संपला की तिचा घसा बसलेला असतो आणि नावापुढे शून्य.

गेल्या हिवाळ्यात आईनं तिला स्पष्ट सांगितलं होतं. पोलीस भरती जवळ आलीय. या उन्हाळ्यानंतर चेंडू बंद, पळायचा सराव सुरू. धाकटीनं हो म्हटलं. ती हो म्हणाली तेव्हाच मला कळलं की आता काहीतरी केलं पाहिजे, कारण ती कशालाच पहिल्या झटक्यात हो म्हणत नाही.

बायकांची एक व्यावसायिक लीग नव्यानं सुरू झाली होती. पगार, राहायची सोय, सगळं. त्यातल्या एका संघाचे सगळे सामने मी बघितले होते. मी त्यांच्या मुख्य प्रशिक्षक बाईंना मेल लिहिली. मराठीत विचार केला, हिंदीत लिहिली, इंग्रजी माझं कामापुरतं आहे. लिहिलं की मॅडम, तुमच्याकडे नेमबाज पाच आहेत आणि चेंडू एक. पुढच्या मोसमातही तुम्ही शेवटच्या क्वार्टरमध्येच हरणार. तुमच्याकडे पॉइंट न करणारी एकही खेळाडू नाही. माझ्याकडे एक आहे. व्हिडिओ जोडले.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं. हिंदीतच, दोन ओळी. एक जागा रिकामी आहे. आईला घेऊन एप्रिलमध्ये त्र्यंबकेश्वरला येतेय, परतताना संध्याकाळच्या गाडीआधी सामना दाखवू शकाल का? ट्रायल नको, ट्रायलमध्ये सगळ्या दाखवायला खेळतात. खरा सामना पाहिजे.

खरा सामना एकच होता. आमच्या कॉलनीतल्या जयंतीच्या स्पर्धेतला शेवटचा.

विहाराच्या मागच्या मैदानात आमचं कोर्ट आहे. देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी ते उभं केलं, पोरींना तेच शिकवायचे, अजून पंच तेच असतात. स्पर्धेत पुढची गल्ली, म्हणजे आमची, आणि मागची गल्ली असे पोरींचे दोन संघ. आणि माइकवर काका. काका म्हणजे वडिलांचे मित्र, कॉलनीतलं कुठलंही कार्य त्यांच्या आवाजाशिवाय सुरू होत नाही. बारसं असो की शोकसभा, माइक त्यांचाच. आपल्याकडे कबड्डीला जसं चढाईवर बक्षीस लावतात, "अमुक यांच्याकडून उत्कृष्ट चढाईसाठी", तसं काकांनी बास्केटबॉलला लावलं. पोरींना रोख कशाला, म्हणून भांड्यांच्या दुकानदाराला गाठलं. दर बास्केटला स्टीलचा एक डबा. टेबलावर डब्यांची उतरंड, बास्केट पडली की लगेच माइकवरून नाव आणि डबा हातात.

बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण खेळाचं वाटोळं. पास कोणी देत नाही. मागच्या गल्लीतली एक पोर आहे, डाव्या हाताची, नेम असा की रिंगची जाळी हलत नाही. तिच्या घरात डब्यांची एक फळी वेगळी आहे. आमच्या घरात धाकटीनं आणलेला एकही डबा नाही, आणि आई वर्षातून एकदा तरी ते ऐकवते.

मी काकांकडे आठवडाभर आधी गेले. म्हटलं, "काका, या खेपेला डबे नंतर वाटू. सामन्यात नको."

"का गं?"

बाई येणार आहेत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "खेळ नीट होईल."

"तायडे, डबे काढले तर बघायला कुत्रं येणार नाही," काका म्हणाले. "तू शिकलीस, मान्य. पण पब्लिक मला कळतं."

आणि मग आईनं शेजारणीला सांगितलं. एवढंच सांगितलं की बाहेरून कोणीतरी मॅडम धाकटीला बघायला येणार आहेत. शेजारीण म्हणाली, स्थळ का? आई म्हणाली, नाही हो, बास्केटचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्यांना माहीत होतं. मला हे सामन्याच्या दिवशी कळलं, मैदानात नेहमीच्या दुप्पट माणसं बघून. कोणीतरी बाईंसाठी प्लास्टिकची नव्हे, कार्यालयातली गादीची खुर्ची आणून ठेवली होती.

बाई आल्या. उंच, केस बारीक कापलेले, दक्षिणेकडच्या. बरोबर त्यांची आई, कपाळाला त्र्यंबकचा अंगारा, मांडीवर प्रसादाची पिशवी. मी ओळख करून दिली. बाईंनी हात मिळवला आणि म्हणाल्या, "मेल में आप ज्यादा गुस्से में लग रही थीं."

"गुस्सा नहीं मॅडम, मत है."

त्या हसल्या नाहीत. घड्याळ बघितलं. "स्टेशन यहाँ से कितना?"

"पास में ही है."

"मैं पूरा मॅच शायद न देख पाऊँ."

सामना सुरू झाला. उन्हं कलली होती तरी सिमेंट तापलेलंच. पहिल्याच खेपेला धाकटीला चेंडू मिळाला, रिंगखाली, एकटी. तिला राखणारी पोर दोन हात मागं उभी. धाकटीनं टाकला, लोखंडावर लागून कसाबसा आत गेला.

"आणि हा आला डबा!" काकांचा आवाज भोंग्यातून मैदानावर पडला. "आपल्या कॉलनीची शान! आजचा पहिला डबा!"

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिच्या संघातल्या पोरी, ज्या जन्मात पास देत नाहीत, त्या चेंडू शोधून शोधून तिच्याकडे देत होत्या. तिसऱ्यांदा ती रिंगकडे निघाली तेव्हा मागच्या गल्लीच्या दोघी सरळ बाजूला झाल्या, रिक्षाला वाट द्यावी तशा. आणि ती डावखुरी, जी चेंडूसाठी कोणाचा हात पिरगाळायला कमी करत नाही, ती स्वतःच्या ठरलेल्या जागेवर उभी राहून केस बांधत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे ठरलं होतं. मागच्या गल्लीनंही ठरवलं होतं. आपल्या कॉलनीतली पोर निवडली जाणार, तर तिच्या बास्केट होऊ द्यायच्या. कोणी दगा करत नव्हतं. सगळ्यांनी मिळून, प्रेमानं, स्वतःच्या डब्यांवर पाणी सोडून, माझ्या बहिणीचा सत्यानाश चालवला होता.

मी बाईंकडे बघितलं. हाताची घडी. त्या सामना बघत होत्या, पण लग्नातलं जेवण वाढेपर्यंत लोक स्टेज बघतात तसं. त्यांची आई खुशीत होती, प्रत्येक डब्याला टाळी वाजवत होती. बाईंनी मोबाइल काढला आणि मला दिसला तो गाडी बोलवायचा पडदा.

"मॅडम, ये खेल ऐसा नहीं होता."

"मुझे दिख रहा है, कैसा है," त्या म्हणाल्या. म्हणता म्हणता गाडी बोलावली.

हाफटाइमला मी धाकटीकडे गेले. तिच्यापुढे डबे रचलेले, पाण्याची बाटली हातात, आणि डोळे लाल.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तू केलंस ना हे?"

"मी? वेडी आहेस का?"

"मग कोणी केलं? माझ्या अंगावर कोणी येतच नाही, ताई. मी राखू कोणाला? हवेला?" तिनं बाटली आपटली. "मी ओरडतेय तर भोंग्यात मलाच माझा आवाज येत नाही. माझ्या पोरी हसतायत. म्हणतात, गप टाक ना, घे डबा."

"बाई निघाल्यात."

ती तडक उठली, सगळे डबे एकात एक घातले आणि मैदान ओलांडून मागच्या गल्लीच्या बाकापाशी गेली. त्या डावखुरीपुढे ठेवले. मी लांबून बघत होते, पण ऐकू आलं, कारण काका तेव्हा चहा घेत होते.

"हे तुझे."

"अगं, ठेव ना. तुझ्याचसाठी—"

"आता एक तरी घेऊन दाखव," धाकटी म्हणाली. "मी असताना एक डबा घेऊन दाखव."

"माज आला का लगेच?"

"आला. ये."

डावखुरी उठून उभी राहिली. एवढं झालं. आता ती मुद्दाम वाट देणार नाही, हे तिच्या ताठ मानेवरून कळलं मला.

पण माझं काम वेगळं होतं, आणि ते मला अजिबात करायचं नव्हतं. मी काकांच्या टेबलाशी गेले.

"काका, माइक बंद करा."

काकांनी बशी खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"सामना संपेपर्यंत माइक नको. डबेही नकोत."

"अगं पोरी, कोणासाठी चाललंय हे? तुझ्या बहिणीसाठीच ना? दोन्ही गल्ल्यांना मी समजावलं. दुकानदाराकडून जास्तीचे डबे आणले. त्या मॅडमला कळायला नको का आपली पोर कोण आहे ते?"

"त्यांना कळलंय, की आपण नाटक करतोय."

दुकानदारानं डब्यांवरून हात काढून घेतला. काकांचा चेहरा मी लहानपणापासून बघते. मी बी.कॉम. झाले तेव्हा याच माइकवरून त्यांनी माझं नाव तीनदा घेतलं होतं, वडिलांना स्टेजवर बोलावून हार घातला होता. वडील आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढले ते त्या दिवशी.

"चार बुकं शिकली म्हणून मला शिकवणार का तू?"

"हो," मी म्हटलं. "यातलं मला कळतं, काका. तुम्हाला नाही कळत."

असं कोणी त्यांना म्हटलं नव्हतं. त्यांनी माइक माझ्यासमोर टेबलावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. "घे. तूच बोल मग." आणि उठून विहाराच्या पायरीवर जाऊन बसले, मैदानाकडे पाठ करून.

मी बटण बंद केलं.

भोंगा बंद पडला की कॉलनीत पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं लाइट गेली. लोक वर बघायला लागले. सुभेदारांनी शिट्टी मारली, चेंडू सुरू झाला, आणि मैदानात इतका मोकळा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चेंडूचा टप्पा, सिमेंटवर बूट घासल्याचा आवाज. आणि त्यावर माझ्या बहिणीचा.

"डावीकडे! डावीकडे येतेय, मी आहे, मी आहे!"

डावखुरी निघाली होती, रागानं, सगळ्या मागच्या गल्लीला मागं टाकून. तिचा तो ठरलेला एक पाय मागं घेऊन फेकायचा डाव. धाकटी तिच्या आधी तिथं पोचली होती. चेंडू तिच्या बोटाला लागून बाहेर गेला. डावखुरीनं शिवी घातली. सुभेदारांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी बाईंच्या खुर्चीकडे बघितलं. बाई उभ्या होत्या, आईला हात देऊन उठवत. पिशवी खांद्याला. गाडी फाटकाशी येऊन हॉर्न देत होती.

"स्क्रीन येतेय! वरून जा, वरून! जा, मागे मी आहे!"

तिच्या संघातली एक बुटकी पोर, जिला कधी कोणी काही सांगत नाही, ती आवाजावर वळली. मागं न बघता वळली. स्क्रीन चुकवून गेली आणि तिनं चेंडू काढून घेतला. स्वतःच्या हातात चेंडू बघून तीच दचकली.

बाई थांबल्या होत्या.

त्यांची आई बाही ओढत होती. गाडीवाला पुन्हा हॉर्न द्यायला लागला. बाईंनी त्याच्याकडे न बघता तळहात दाखवला, थांब. मी जाऊन काही बोलावं असं फार वाटलं. हेच ते, हेच मी लिहिलं होतं, असं. नाही गेले. माझं मत मी दिलं होतं. आता धाकटीनं तिचं द्यायचं होतं.

पुढचा खेळ मला सलग आठवत नाही. डावखुरी चिडली आणि चिडल्यावर ती जास्तच चांगली खेळते. तिनं बास्केट केल्याही, खोटं कशाला, नेम तो नेम. पण प्रत्येकीसाठी तिला मैदानभर फिरावं लागलं. एकदा ती जोरात आत घुसली आणि धाकटी वाटेत पाय रोवून उभी राहिली, हललीच नाही. दोघी आदळल्या. धाकटी पाठीवर पडली, कोपर सोललं. सुभेदारांनी फाऊल डावखुरीचा दिला. मागच्या गल्लीनं आरडाओरडा केला, खराखुरा, शिव्यांसकट, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आता कोणी कोणाची कीव करत नव्हतं.

धाकटी उठली ती ओरडतच. घसा फाटला होता. तरी "मागे मी आहे" हे शब्द माझ्यापर्यंत येत होते.

आमची गल्ली जिंकली का? हरली. थोडक्यात हरली. शेवटच्या खेपेला आमच्याच एका पोरीनं धाकटी मोकळी असताना, दुसरीही मोकळी असताना, तिघींच्या डोक्यावरून चेंडू फेकला. डबे नसतानाही डब्याची सवय सुटत नाही.

बाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. फाटकाशी आलेली गाडी निघून गेली होती. दुसरी बोलवावी लागणार होती. धाकटी धापा टाकत आली, कोपरावर रुमाल. बाईंनी तिला विचारलं, "तुम क्या बोल रही थी?"

धाकटी माझ्याकडे बघायला लागली.

"उधर मत देखो. तुम बताओ."

"वो... जो दिखता है, वो बोलती हूँ. कौन कहाँ से आ रहा है."

"पहले हाफ में क्यों नहीं बोली?"

"बोली थी," धाकटी म्हणाली. आवाज पार गेला होता, कुजबुजल्यासारखं निघालं. "माइक था."

बाईंनी मान हलवली. "मुझे तुम्हारी भाषा नहीं आती. एक लफ्ज नहीं समझी. पर तुम्हारे मुँह खोलते ही मैं उधर देखती थी, और हर बार बॉल वहीं आती थी." मग माझ्याकडे वळल्या. "शूटिंग बहुत खराब है इसकी."

"मेल में लिखा था, मॅडम."

"लिखा था." आता हसल्या. "कॅम्प में भेज दो. जगह का वादा नहीं करती. कॅम्प में भेज दो."

त्यांच्या आईनं प्रसादाची पिशवी उघडून धाकटीच्या हातावर पेढा ठेवला. त्यांना अजून वाटत होतं ती डबे जिंकली म्हणूनच निवडली गेली.

काका पायरीवरून कधी उठून गेले मला दिसलं नाही. माझ्याशी ते बोलायचे बंद झाले. रस्त्यात भेटले तर फक्त वडिलांची चौकशी करायचे, तीही माझ्याकडे न बघता. आई म्हणाली, जाऊन माफी माग. मी नाही गेले. त्यांना लागलं याचं मला वाईट वाटतं. बटण बंद केल्याचं वाटत नाही, आणि जे वाटत नाही त्याची माफी कशी मागायची.

कॅम्प झाला. जागा मिळाली, बाकाच्या शेवटच्या टोकाची. भरतीचा फॉर्म आईनं घडी करून गॅसच्या शेगडीखाली घातला, ओट्यावर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून जुना कागद घालतात तसा.

पहिला सामना कॉलनीनं विहाराच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर लावला. मी आधीच सांगितलं होतं की या मोसमात हा संघ फार पुढं जाणार नाही. नेमबाज अजून पाचच आहेत, फक्त आता निदान एक जण मागं थांबते. पुढच्या मोसमाचं बघा. कोणी ऐकलं नाही, सगळे हारतुरे घेऊन बसले होते.

धाकटी दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरली. हॉल ओरडला. मग चेंडू तिच्याकडे येईना तसा हळूहळू गप्प झाला. समालोचक नेमबाजांबद्दल बोलत होते. पडद्यावर एका कोपऱ्यात ती वाकून, हात पसरून, आणि तोंड सारखं चालू.

काका पुढच्या रांगेत होते. मागं न वळता म्हणाले, "काय बोलते गं ती एवढं?"

मागच्या रांगांतले एकमेकांकडे बघायला लागले. मग कळलं की मलाच विचारलंय.

"स्क्रीन येतेय म्हणते. आता म्हणेल, वरून जा."

तिची सोबतीण वरून गेली. समोरच्या पोरीच्या हातून चेंडू सुटला.

काकांनी रिमोट मागून घेतला आणि समालोचकांचा आवाज बंद केला. "हं," ते म्हणाले, अजून पडद्याकडेच बघत. "आता सांग. काय म्हणते ते सांगत राहा."